डीएनए शेवटी, कागद आधी

लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, हे आईला ठाऊक असतं, बापाला ठाऊक असतं, बरेचदा गल्लीलाही ठाऊक असतं. कायद्याला मात्र ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगताना ते कशासाठी हवंय हेही सांगावं लागतं. ‘पितृत्व जाहीर करण्याचा अर्ज’ असा छापील नमुना आपल्याकडे कुठल्याही तहसील कचेरीत मिळत नाही. पोटगी हवी असेल तर एका न्यायालयात जायचं, जन्मनोंदीत नाव घालायचं तर निबंधकाकडे, जमिनीत हिस्सा मागायचा तर आणखी वेगळीकडे. प्रत्येक ठिकाणी पुरावा वेगळा मागतात आणि मिळणाऱ्या उत्तराची ताकदही वेगळी असते. म्हणून “आम्हाला डीएनए करायचाय” असं म्हणत कुणी आलं, की जाणता वकील आधी विचारतो, “ते करू, पण तुम्हाला नक्की मिळवायचंय काय?”

त्याचा दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो: मूल जन्मलं तेव्हा आईचं दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं होतं का?

झालेलं असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ आडवं येतं. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात ११२ व्या कलमात होती आणि कोर्टात अजूनही सगळे ‘एकशेबारा’च म्हणतात. वैध लग्न चालू असताना जन्मलेलं मूल, किंवा लग्न संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल, हे त्या नवऱ्याचंच औरस मूल, असं हे कलम सांगतं. हा पुरावा निर्णायक मानला जातो. तो मोडायचा एकच मार्ग आहे: गर्भ राहिला त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे दाखवायचं. नवरा आखातात होता आणि पासपोर्टवर तसे शिक्के आहेत, किंवा तो तुरुंगात होता, असं काहीतरी. ‘आमचं पटत नव्हतं, वेगळ्या खोलीत झोपायचो’ एवढ्याने भागत नाही. आणखी एक, हे कलम जन्माची तारीख बघतं, गर्भधारणेची नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर घाईघाईने उरकलेल्या लग्नातलं मूलही औरसच ठरतं.

हा नियम निष्ठुर वाटतो, पण तो मुलाच्या बाजूने केलेला आहे. बायकोच्या चारित्र्यावर संशय घेणाऱ्या नवऱ्याने मुलाला सहज बेवारस करू नये, हा त्यामागचा हेतू. पुण्याच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका घटस्फोटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हेच पुन्हा बजावलं: आईबापाच्या भांडणात मुलाचं रक्त हे हत्यार नव्हे. उलट नागपूरच्या एका प्रकरणात २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने, दोनदा झालेल्या डीएनए तपासणीत नवरा बाप नसल्याचं आल्यावर, विज्ञानाचं उत्तर कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचं मानलं होतं. दोन्ही निकाल वकील खिशात ठेवतात आणि अशिलाच्या सोयीने काढतात.

सगळ्यात गाजलेला दावा नारायण दत्त तिवारींवरचा. उत्तर प्रदेशाचे आणि नंतर उत्तराखंडाचे मुख्यमंत्री राहिलेले, आंध्र प्रदेशाचे राज्यपाल झालेले तिवारी हे आपले जैविक वडील आहेत असं ठरवून मिळावं, म्हणून रोहित शेखर यांनी २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. जन्माच्या वेळी त्यांच्या आईचं दुसऱ्याशी लग्न झालेलं होतं, त्यामुळे एकशेबारा होतंच. तिवारींनी रक्त द्यायला नकार दिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी २९ मे २०१२ रोजी देहरादूनच्या घरी त्यांचा नमुना घेतला गेला आणि जुलैमध्ये अहवाल उघडला: तेच बाप. मात्र या प्रकरणावर भिस्त ठेवून कुणी निघत असेल तर २०२५ चा केरळमधल्या एका प्रकरणातला निकाल आधी वाचावा. तिथे एका तरुणाने आईच्या नवऱ्याऐवजी दुसऱ्याच माणसाला बाप म्हटलं होतं. नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधी होती, म्हणून नवराच बाप, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि डीएनएपर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही. आज रोहित शेखर यांच्यासारखा दावा लावणाऱ्याला जास्त उभा चढ चढावा लागेल, असं माझं मत आहे.

आई अविवाहित, विधवा किंवा रीतसर घटस्फोटित असेल (आणि २८० दिवस उलटलेले असतील), तर हा अडसर नाही. इथून पुढचं तिच्यासाठी.

सुरुवात जन्मनोंदीपासून. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दवाखानाच कळवतो, घरी झालं तर घरच्यांनी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या निबंधकाकडे जायचं. लग्न झालेलं नसताना आईने तोंडी सांगितलेलं नाव निबंधक बापाच्या रकान्यात सहसा लिहीत नाही. तो माणूस स्वतः सहीनिशी कबूल करत असेल तर लिहितो. नसेल, तर रकाना रिकामा ठेवून नोंद करून घ्यावी आणि त्यासाठी भांडत बसू नये. मुदत हुकली तर पुढे जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं, आणि ते दुखणं वेगळंच.

रकाना रिकामा राहिला म्हणून मूल अडत नाही, हे अनेकांना अजून ठाऊक नसतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये एका अविवाहित ख्रिस्ती आईच्या प्रकरणात स्पष्ट केलं की आईने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यायचा आणि बापाच्या नावावाचून तो अडवायचा नाही. पालकत्वासाठीही बापाला नोटीस धाडायची गरज नाही. पासपोर्टच्या अर्जात डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. पॅनकार्डासाठी, आई एकटी पालक असेल तर, डिसेंबर २०१८ पासून बापाचं नाव सक्तीचं नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. तेव्हा केवळ शाळाप्रवेशासाठी कुणी पितृत्वाचा दावा लावायला निघालं असेल, तर थांबवावं. हिंदू कायद्यात अनौरस मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच असते, बाप तिच्यानंतर. दावा लावून बापाला आयुष्यात आणायचं की नाही, हाही विचार करण्यासारखाच प्रश्न आहे.

पैशाचा प्रश्न असेल तर वाट सरळ आहे आणि बहुतेकींसाठी तीच योग्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. यात ‘औरस वा अनौरस’ असे शब्द कायद्यानेच घातलेले आहेत. बापाने लग्न केलं नाही, ही सबब इथे चालतच नाही. अर्ज मुलाच्या नावाने होतो, ‘अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ती) आई’ म्हणून आईची सही. जिथे कुटुंब न्यायालय आहे, मुंबईत वांद्र्याला, पुण्यात, नागपुरात, तिथे त्या न्यायालयात जायचं. तालुक्याच्या गावी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तो माणूस आता जिथे राहतो त्या गावीच जायला हवं असंही नाही. मुलाच्या आईसोबत तो शेवटी जिथे राहिला, तिथेही अर्ज चालतो. ऊसतोडीच्या फडात किंवा बांधकामाच्या साइटवर जमलेल्या आणि मोडलेल्या संबंधांत ही सवलत फार कामाची असते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. कुटुंब न्यायालयात गेल्यावर आधी समुपदेशकाकडे पाठवतील. लग्नच झालेलं नसताना ‘विवाह समुपदेशक’ काय करणार, असं वाटतं खरं. पण तिथेच बसून महिना रक्कम कबूल करणारे आणि सही करणारे पुरुष असतात. चारचौघांत उलटतपासणी होण्यापेक्षा ते त्यांना परवडतं.

तो कबूल करत नसेल, तर त्याचा लेखी जबाब ठरलेल्या साच्यातला येतो: मी या बाईला ओळखत नाही, ओळखत असलो तरी संबंध नव्हता, संबंध असला तरी तिचे इतरांशीही होते. आता पुरावा लागतो. फौजदारी खटल्यासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. कुणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं, एवढ्यावर निकाल लागतो. आणि इथे साधे कागद भारी पडतात. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या भरती फॉर्मवर ‘नवरा’ म्हणून त्याने केलेली सही. सिझेरियनच्या संमतीपत्रावरची सही तर त्याहून बरी, कारण ती घाईत, नकळत केलेली असते. भाडेकराराची प्रत, दोघांची नावं असलेली. सोनोग्राफीच्या दिवशी त्याच्या खात्यातून आलेले दोन हजार. बारशाचे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘बाळ कसं आहे’. मोबाइलमधला मजकूर दाखवायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून आणला तर समोरचा वकील तो तिथल्या तिथे उडवतो. म्हणून जुना फोन विकू नये, दुरुस्तीला देऊ नये, नंबर बंद पडू देऊ नये. अनेक चांगल्या केसेस फोन फॉर्मॅट झाल्यामुळे लंगड्या पडतात.

हे सगळं जमल्यावर मग डीएनए. क्रम उलटा का चालत नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून धरलेली भूमिका अशी की अशी तपासणी सरसकट द्यायची नाही. आधी प्रथमदर्शनी काहीतरी ठोस दाखवा, आणि तपासणीवाचून प्रश्न सुटणारच नाही हे पटवा. रिकाम्या हाताने केलेला अर्ज ‘नुसती चाचपणी’ म्हणून फेटाळला जातो. बळजबरीने रक्त काढणं क्वचितच होतं, पण २००३ पासून न्यायालयं एक सोपा उपाय वापरतात: आदेश झाल्यावरही नमुना दिला नाहीस, तर दिला असतास तर तो तुझ्या विरुद्ध गेला असता असं आम्ही धरू. खऱ्या बापाची इथे कोंडी होते. नमुना दिला तरी तो सापडतो, नाही दिला तरी सापडतो.

आदेश झाला की नमुने साधारणपणे न्यायालयाने ठरवलेल्या सरकारी दवाखान्यात घेतले जातात आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. महाराष्ट्रात मुंबईत कालिना इथे मुख्य प्रयोगशाळा आहे, विभागीय प्रयोगशाळा इतर शहरांत. आई, मूल आणि तो पुरुष, तिघांना एकाच वेळी बोलावतात. प्रत्येकाचा फोटो फॉर्मवर चिकटवतात, अंगठे घेतात, ओळखपत्र बघतात. बोटातून किंवा दंडातून थोडं रक्त घेतात, किंवा गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. पाकिटं बंद करून सीलबंद करतात, त्यावर सह्या. आईने या क्षणी लक्ष ठेवावं ते सुईकडे नाही, फॉर्मकडे. समोरचा माणूस तोच आहे ना, फोटो त्याचाच लागला ना, सीलवर सही झाली ना. डोक्यातला केस गुपचूप उचलून खासगी लॅबमध्ये केलेली तपासणी कोर्टात टिकत नाही, ती याच कारणाने: नमुना कुणाचा, हे सांगायला मध्ये कुणीच नसतं.

प्रयोगशाळेत काय बघतात, ते समजायला अवघड नाही. आपल्या डीएनएवर ठराविक जागी काही छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात ते माणसागणिक बदलतं. प्रत्येक जागी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा, एका जागी मुलाचे आकडे १२ आणि १५ आहेत, आईचे १२ आणि १४. म्हणजे १२ आईचा. १५ बापाकडूनच यायला हवा. संशयित पुरुषाचे आकडे १३ आणि १५ असतील तर तो या जागी बसतो. ११ आणि १३ असतील तर बसत नाही. अशा वीसेक जागा तपासतात. सगळ्या जुळल्या तर अहवालात पितृत्वाची शक्यता ९९.९९ टक्के किंवा त्याहून जास्त अशी येते. अनेक जागी जुळलं नाही तर तो बाप नाही. एकाच जागी चुकलं तर लगेच ‘नाही’ म्हणत नाहीत, कारण पिढी बदलताना एखादा आकडा आपोआप बदलू शकतो. आणखी एक खाचखळगा आहे. संशयिताचा सख्खा भाऊही त्या घरात राहत असेल, तर ते आधीच सांगावं, म्हणजे जास्त जागा तपासता येतात. एकसारखे जुळे भाऊ असतील तर नेहमीची तपासणी दोघांत फरक करू शकत नाही.

पुरुष मरून गेलेला असेल तरी वाट बंद होत नाही. मुलगा असेल तर वाय गुणसूत्र बापाकडून जसंच्या तसं उतरतं, म्हणून आजोबा किंवा काकाच्या नमुन्यावरून निदान घराणं कळतं. मुलगी असेल तर आजी-आजोबा दोघांचे नमुने लागतात. शिवाय मेलेल्या माणसाने नात्याविषयी लिहून ठेवलेलं, किंवा घरच्यांनी त्या मुलाला आपल्यातलं मानून वागवल्याचं, हेही कायद्याने पुराव्यात धरतात. लग्नपत्रिकेवर छापलेलं पुतण्याचं नाव इथे उपयोगी पडतं.

अहवाल येईपर्यंत मुलाने खायचं काय? त्यासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यायचा. नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत त्यावर ‘शक्यतो’ निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. त्या ‘शक्यतो’मध्ये किती तारखा मावतात, ते कोर्टात गेलेल्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना आपली कमाई, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. पुरुषाची सात-बारावरची जमीन, दुचाकी, दूध डेअरीचं खातं, गावात कुणाकडेही माहीत असणाऱ्या गोष्टी, आईने वकिलाला सांगून ठेवाव्यात. थकबाकी राहिली तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा. वॉरंट निघतं, आणि थकवलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

पण पोटगीच्या आदेशात ‘हाच बाप’ असं लिहिलेलं असलं तरी ते पोटगीपुरतंच. नात्याचा कायमचा निकाल हवा असेल तर जाहीरनाम्याचा, म्हणजे नातं जाहीर करून मागण्याचा, दावा लावावा लागतो, कुटुंब न्यायालयात किंवा ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात, १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली. त्यात एक मेख आहे: पुढची दाद, समजा जमिनीचा हिस्सा, मागता येण्यासारखी असताना नुसता जाहीरनामा मागितला, तर दावा त्याच कारणाने बुडतो. मूल सज्ञान झाल्यावर स्वतःही दावा लावू शकतं, पण मुदतीचा मुद्दा समोरची बाजू काढणारच, म्हणून अठरा पूर्ण झाल्यावर रेंगाळू नये.

आणि हिस्सा? इथे हिंदू मुलांची निराशा होते, आणि ती आधीच सांगितलेली बरी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अनौरस मुलाला आईचा वारस मानतो, बापाचा नाही. जुन्या मिताक्षरा कायद्यात शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत काही हिस्सा होता. सुधारणा म्हणून आलेल्या १९५६ च्या कायद्याने तो काढून घेतला, हा इतिहासातला एक चमत्कारिक उलटा प्रवास. बाप जिवंत असेल तर मुलाचा खर्च त्याच्यावर आहेच. तो वारल्यावर १९५६ च्याच दत्तक आणि निर्वाह कायद्याप्रमाणे अज्ञान अनौरस मुलगा आणि अविवाहित अनौरस मुलगी त्याच्या मिळकतीतून निर्वाह मागू शकतात. त्यापलीकडे बापाने मृत्युपत्र केलं तरच. त्यामुळे मायेने वागणाऱ्या बापाकडून डीएनएचा अहवाल घेण्यापेक्षा साक्षीदारांसह मृत्युपत्र करून घेणं शहाणपणाचं.

खेड्यापाड्यात ‘दुसरी बायको’ म्हणून नांदलेल्या बाईची मुलं मात्र वेगळ्या खात्यात मोडतात. पहिली बायको हयात असताना झालेलं लग्न रद्दबातल, पण विधी झाले असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे मुलं औरस. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकत्र कुटुंबातल्या मिळकतीत बापाच्या वाट्याला जे आलं असतं, त्यात या मुलांचा हिस्सा आहे. कुटुंबाच्या मिळकतीत थेट सहदायाद, म्हणजे जन्मतः सहहिस्सेदार, म्हणून नाही. आणि विधीचा पुरावा नसला तरी दोघं वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिले असतील, तर लग्न झालं होतं असंच गृहीत धरायचं, हे २०२२ मध्ये पुन्हा ठरलं. म्हणजे रेशनकार्ड, मतदारयादी, वीजबिल हे कागद पुन्हा बाहेर काढायचे. मुस्लिम कायद्यात बापाची कबुली चालते, पण आईबापाचं लग्न शक्य होतं अशाच परिस्थितीत. विवाहबाह्य संबंधाचं मूल म्हणून सिद्ध झालं तर तिथेही ते आईचंच.

सिंधुदुर्गातून सीमा ओलांडून गोव्यात गेलं की चित्र बदलतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने तिथे बापाला जन्मनोंदीत, सार्वजनिक दस्तात किंवा मृत्युपत्रात मूल आपलं म्हणून कबूल करण्याची सोय दिली, आणि ती सर्व धर्मांना सारखी. कबूल केलेलं मूल वारस होतं. मिळकतीचा अर्धा भाग वारसांसाठी राखीव असल्याने बाप मृत्युपत्र करूनही त्याला पूर्ण वगळू शकत नाही. लग्नाबाहेरच्या मुलांबाबत दीडशे वर्षांपूर्वीची ही तरतूद आपल्या आजच्या कायद्यापेक्षा पुढची आहे, असं मला वाटतं.

निकाल हाती आल्यावर एक काम राहतं आणि बरेचजण ते विसरतात. हुकूमनाम्याची साक्षांकित प्रत घेऊन पुन्हा जन्म-मृत्यू निबंधकाकडे जायचं. १९६९ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद करतात आणि त्यावर सही-तारीख घालतात. मग नवा दाखला मागायचा आणि त्यात वडिलांचा रकाना भरलेला आहे की नाही, हे खिडकीवरच उभं राहून तपासायचं. त्यानंतर शाळा. जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मूल त्या शाळेत शिकत असताना करून घेतली तर मुख्याध्यापकांमार्फत होते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा निघाला की तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत आणि पुढे उच्च न्यायालयापर्यंतही जाऊ शकते, म्हणून निकाल दहावीच्या आसपास लागत असेल तर बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन यावं.